पंचवीस वर्षं बंद असलेल्या सिलिकॉन ग्राफिक्स इंडीवरचं काम परत उघडता येईल का?

तुम्ही लिहिलंय की मामांच्या मुंबईतल्या ॲनिमेशन स्टुडिओतला निळा इंडी कॉम्प्युटर घरी आला आहे, त्यावर नव्वदच्या दशकात केलेल्या जाहिरातींचं काम आहे, मामांना ते पुन्हा बघायचंय, आणि वायर लावून चालू करू का, असा तुमचा प्रश्न आहे.

काम परत मिळण्याची शक्यता चांगली आहे. पण कृपा करून आत्ता वायर लावू नका.

इंडी १९९३ साली बाजारात आला. इतक्या जुन्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर कशा अवस्थेत आहेत, ते बाहेरून कळत नाही. त्याहून मोठी भीती डिस्कची आहे. वर्षानुवर्षं न फिरलेल्या डिस्कचं हेड कधीकधी चकतीला चिकटून बसतं. ती एकदा फिरली की पुन्हा फिरेलच याचा भरवसा नाही. आणि आयरिक्स, म्हणजे या मशीनची युनिक्स जातीची ऑपरेटिंग सिस्टिम, सुरू होतानाच डिस्कवर लिहायला लागते: फाइल सिस्टिम तपासते, लॉग लिहिते, तात्पुरत्या फाइली पुसते. कदाचित एकदाच मिळणारी संधी बूट करण्यात घालवायची नाही. डिस्क पहिल्यांदा फिरेल ती तिची प्रत काढण्यासाठीच. मशीन दुसरं मिळतं, डिस्कवरचा डेटा दुसरा मिळत नाही. मी या मशीनवर काम करताना हा क्रम कधीच मोडत नाही.

इंडीचं वरचं झाकण निघतं आणि आत पन्नास पिनांची स्कझी (डिस्क जोडायची एक जुनी पद्धत) डिस्क दिसते. ती वाचायला पीसीआय स्लॉट असलेला जुना पीसी आणि ॲडॅप्टेक २९४० सारखं कार्ड लागेल. लॅमिंग्टन रोडला किंवा जुन्या सर्व्हरच्या भंगारात असं कार्ड अजून सापडतं. सिलिकॉन ग्राफिक्सच्या मशीनमध्ये कंट्रोलरचा आयडी ० असतो आणि सिस्टिम डिस्कचा १. पीसीच्या कार्डाचा आयडी सहसा ७ असतो, त्यामुळे डिस्कचे जंपर (आयडी ठरवणाऱ्या छोट्या टोप्या) हलवायची गरज नाही. केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेशन (सिग्नल टोकावरून परत उलटू न देणारा रोधक) मात्र हवंच. ते नसेल तर धडधाकट डिस्कसुद्धा चुका दाखवते आणि आपण उगाच तिला मेलेली समजतो.

पीसीवर लिनक्स ठेवा आणि प्रत ग्नू डीडीरेस्क्यूनेच काढा. साधी डीडी कमांड खराब सेक्टरवर अडून बसते. डीडीरेस्क्यू आधी जे सहज वाचता येतं ते उचलतो, अवघड भाग सोडून पुढे जातो, कुठे काय राहिलं ते नकाशाच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि मग मागे फिरून त्या भागांवर पुन्हा प्रयत्न करतो. मध्येच थांबलं तरी नकाशावरून तिथूनच पुढे सुरू करता येतं. डिस्क एकदा फिरायला लागली की प्रत पूर्ण होईपर्यंत बंद करू नका. त्या काळच्या डिस्क अर्धा-एक जीबीच्या, म्हणजे आजच्या हिशेबाने प्रत अगदीच छोटी. ती तीन ठिकाणी ठेवा, मूळ डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घाला आणि पुढचं सगळं काम प्रतीवरच करा.

प्रत उघडायला लिनक्सच पुरतं. त्याच्या कर्नलला, म्हणजे गाभ्याला, सिलिकॉन ग्राफिक्सची पार्टिशन पद्धत वाचता येते, फक्त तो पर्याय चालू असलेला कर्नल हवा. आयरिक्स ५.३ किंवा आधीची आवृत्ती असेल तर फाइल सिस्टिम बहुधा ईएफएस असेल. ती लिनक्सवर फक्त वाचता येते, आणि आपल्याला तेवढंच हवं आहे. नंतरची असेल तर एक्सएफएस. आज लिनक्सच्या कितीतरी सर्व्हरवर असलेली एक्सएफएस ती हीच, सिलिकॉन ग्राफिक्सनेच आयरिक्ससाठी बनवलेली. माउंट करताना, म्हणजे प्रत लिनक्सला जोडताना, 'फक्त वाचन' आणि 'नोरिकव्हरी' हे दोन्ही पर्याय द्या, नाहीतर लिनक्स जुना लॉग वाचायला जाऊन अडतो. आयरिक्सवरची एक्सएफएस जुन्या रचनेची असते आणि सप्टेंबर २०२५ पासून नव्या कर्नलमध्ये त्या रचनेचा आधार मुळात बंद ठेवलेला असतो. म्हणून जुनं लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकून घ्या. तेही जमलं नाही तर खाली सांगितलेल्या एम्युलेटरमध्ये (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) आयरिक्सलाच ती डिस्क वाचू द्या.

इथपर्यंत आलात की मामांना दाखवण्यासारखं बरंच काही हाताशी आलेलं असतं, इंडी चालू न करताच. रेंडर झालेल्या फ्रेम बहुतेक करून आरजीबी फाइली असतात आणि गिंप किंवा इमेजमॅजिक त्या आजही उघडतात. एलिअस या ॲनिमेशन सॉफ्टवेअरच्या पिक्स फाइली असतील तर एफएफएमपेगला त्या वाचता येतात आणि क्रमाने लावून त्यांचा व्हिडिओही होतो. ओबीजे फाइली सापडल्या तर त्या थेट ब्लेंडरमध्ये टाका, कारण तो फॉरमॅटच मुळात वेव्हफ्रंट या ग्राफिक्स कंपनीचा, त्याच मशीनवर वाढलेला.

सीन फाइलींचं मात्र तसं नाही. हाडं, कॅमेरे, दिवे, हालचाली हे सगळं ज्या सॉफ्टवेअरमध्ये केलं त्यातच नीट उघडतं. म्हणजे ते सॉफ्टवेअर चालवायला हवं, आणि तिथे लायसन्स आडवं येतं.

हा भाग नीट समजून घ्या. त्या काळच्या महागड्या सॉफ्टवेअरचं लायसन्स बहुतेक वेळा मशीनच्या ओळख क्रमांकाला बांधलेलं असायचं. इंडीत हा क्रमांक इथरनेट पत्त्यावरून ठरतो आणि तो पत्ता डॅलस कंपनीच्या घड्याळाच्या चिपमध्ये साठवलेला असतो. त्या चिपची बॅटरी तिच्या पोटातच बंद केलेली असते. इतक्या वर्षांत ती संपलेली असणार, त्यामुळे मशीन स्वतःची ओळखच विसरलेलं असेल. कमांड मॉनिटरमध्ये (आयरिक्स सुरू होण्याआधी कमांड द्यायच्या जागी) जाऊन पाहिलं तर पत्त्याच्या जागी नुसत्या एफ-एफच्या जोड्या दिसतील. घाबरू नका. मशीनच्या मागे स्टिकर आहे, त्यावर ०८:००:६९ ने सुरू होणारा पत्ता छापलेला असतो. त्याचा फोटो आजच काढा, कारण ते स्टिकर पुसट होत जातं. कमांड मॉनिटरमध्ये सेटएन्व्ह कमांडला एफचा पर्याय देऊन 'ईॲडर' (eaddr) या नावाने तो पत्ता परत भरता येतो. चिप बदलली नाही, तर वीज गेली की तो पुन्हा जाईल. नवी चिप टाका किंवा एखाद्या जाणकाराकडून जुनीलाच बाहेरून नाण्यासारखा सेल जोडून घ्या.

लायसन्सच्या फाइली डिस्कच्या प्रतीतच आहेत. व्हार फोल्डरमध्ये फ्लेक्सएलएम किंवा नेटएलएस (लायसन्स सांभाळणारी सॉफ्टवेअर) नावाचं फोल्डर शोधा. त्यातल्या ओळी सोन्याच्या आहेत, कारण आता नवीन किल्ली द्यायला कोणी बसलेलं नाही. सॉफ्टइमेज ही ॲनिमेशन सॉफ्टवेअरची कंपनी १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली, १९९८ मध्ये ॲव्हिडने, २००८ मध्ये ऑटोडेस्कने, आणि पुढे ते उत्पादनच बंद झालं. सिलिकॉन ग्राफिक्सने २००९ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. मामांच्या स्टुडिओने पैसे मोजून घेतलेलं लायसन्स आज फक्त त्या डिस्कवर शिल्लक आहे.

आता चालवायचं कशावर? आधी मेम (MAME) वापरून बघा. आर्केड खेळांसाठी प्रसिद्ध असलेला हा एम्युलेटर इंडीचीही नक्कल करतो आणि त्यावर आयरिक्स चालते. डिस्कची प्रत सीएचडी फॉरमॅटमध्ये बदलावी लागते, प्रॉमची (मशीन सुरू करणाऱ्या चिपची) फाइल लागते आणि इथरनेट पत्ता वर सांगितला तसाच भरायचा असतो. वेग कमी आहे, पण सीन उघडून टाइमलाइन पुढेमागे करायला चालतो. मुख्य म्हणजे इथे चूक झाली तरी काही बिघडत नाही, नवी प्रत घेऊन पुन्हा सुरुवात करता येते.

खऱ्या मशीनवरच बघायचं असेल तर पॉवर सप्लाय दुरुस्त करून घ्या आणि डिस्कच्या जागी ब्लूस्कझी किंवा झुलूस्कझी बसवा. ही एसडी कार्डाला स्कझी डिस्क म्हणून पुढे करणारी पट्टी असते. कार्डावर आपली प्रत टाकली की इंडीला फरक कळत नाही. मॉनिटरचा कनेक्टर १३डब्ल्यू३ जातीचा आहे आणि सिंक, म्हणजे चित्राचा ताल राखणारा सिग्नल, हिरव्या रंगाच्या तारेवरून येतो. सगळे एलसीडी ते घेत नाहीत, आधी खात्री करा. चित्रच आलं नाही तर कीबोर्ड काढून ठेवा, मग कन्सोल, म्हणजे मशीनशी अक्षरांत बोलायचा मार्ग, सिरियल पोर्टवर जातो, वेग ९६०० बॉड.

पासवर्ड कोणालाच आठवत नसेल तर 'गेस्ट', 'डेमोज' किंवा 'एलपी' या नावांनी आत जायचा प्रयत्न करा. जुन्या आयरिक्समध्ये ही खाती पासवर्डशिवायच यायची आणि कित्येक ठिकाणी ती तशीच राहिली. नवी आयरिक्स टाकण्याच्या मोहात पडू नका. जी आवृत्ती आहे तिच्यावर ते सॉफ्टवेअर चालत होतं, तिलाच राहू द्या.

मशीनबरोबर सीडी आल्या असतील तर विंडोजमध्ये रिकाम्या दिसतात म्हणून टाकून देऊ नका. आयरिक्सच्या इन्स्टॉलच्या सीडी ईएफएसमध्ये असतात, विंडोजला त्या समजत नाहीत. लिनक्सवर डीडीने अख्खी सीडी उतरवून घ्या. टेपा असतील तर त्याही जपा, बॅकअप बहुधा टारमध्ये, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधणाऱ्या फॉरमॅटमध्ये, असेल. जाड क्यूआयसी टेपवरचं टार लिनक्सवर कचऱ्यासारखं दिसलं तर बाइटच्या जोड्या उलटलेल्या असू शकतात. डीडीचा स्वॅब पर्याय वापरला की ते सरळ होतं.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी मामांजवळ वही घेऊन बसा. कोणत्या जाहिरातीचं फोल्डर कोणत्या नावाने होतं, अंतिम आवृत्ती कोणती, टेक्श्चर (मॉडेलवर चढवलेली चित्रं) दुसऱ्या मशीनवर होते का, हे सगळं विचारून लिहून घ्या. सीन फाइल उघडली आणि टेक्श्चर दुसऱ्याच डिस्कवर राहिले असतील, तर ते कुठे शोधायचे हे फक्त मामाच सांगू शकतील.