सिंगल फेजवर थ्री फेज मोटर

प्रश्न : वर्कशॉपमध्ये सिंगल फेजच आहे. लेथच्या 1 एचपी, 415 व्होल्ट थ्री फेज मोटरला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) कसा लावावा?

उत्तर : सिंगल फेज इनपुटचा, 0.75 किलोवॅटचा ड्राइव्ह घ्या. तो 230 व्होल्टच देतो, म्हणून मोटरची स्टार जोडणी (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र) सोडवून डेल्टा (वाइंडिंग त्रिकोणात) करा. टर्मिनल असे जोडा : यू1-डब्ल्यू2, व्ही1-यू2, डब्ल्यू1-व्ही2. स्टारमध्येच ठेवली तर जरा खोल कट घेताच मोटर दमते. बाहेर तीनच वायरी असतील तर स्टार पॉइंट (टोकं एकत्र येतात तो जोड) आत बांधलेला आहे. रिवाइंडरकडून टोकं काढून घ्या. डेल्टात करंट 1.73 पट होतो : मोटरच्या नेमप्लेटवर 1.8 अँपिअर असेल तर ड्राइव्हच्या मोटर करंट सेटिंगमध्ये 3.1 भरा. लेथचा जुना स्विच मोटरच्या वायरीतून काढाच. चालू लोडवर तो बंद केला की ड्राइव्ह ट्रिप होतो, कधी आउटपुट जळतं. ड्राइव्ह 20 हर्ट्झखाली चालवला तर मोटरचा फॅन मंदावतो, मोटर तापते.