जर्मनीत शिकायला आलोय, व्हिसा सहा महिन्यांचा आहे. रेसिडेन्स परमिटसाठी आधी कुठे जायचं?

आधी शहराच्या नोंदणी कार्यालयात, म्हणजे ब्युर्गरआम्टमध्ये. घरात राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, आनमेल्डुंग, करावी लागते. सोबत पासपोर्ट आणि घरमालकाने सही केलेलं ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’, म्हणजे तुम्ही त्या घरात राहायला आल्याचं पत्र, न्या. नुसता भाडेकरार चालत नाही. मी तोच घेऊन गेले होते आणि काउंटरवरून परत आले, म्हणून घराची किल्ली घेतानाच घरमालकाकडून ते पत्र मागून घ्या.

रेसिडेन्स परमिट वेगळ्या कार्यालयातून मिळतं, त्याचं नाव आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी नागरिकांचं कार्यालय. मोठ्या शहरांत तिथली अपॉइंटमेंट मिळायला महिनोन्‌महिने जातात, तेव्हा व्हिसा संपत येईपर्यंत थांबू नका, पत्ता नोंदवला की लगेच अर्ज टाका. विद्यापीठाचा प्रवेश, आरोग्य विमा, ब्लॉक्ड अकाउंटचा (राहण्याच्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवलेलं, दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारं बँक खातं) पुरावा, सगळं जोडा. मुदत संपण्याआधी अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंतचं तुमचं राहणं कायदेशीर धरलं जातं. त्याचं ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’ हे प्रमाणपत्र मात्र मागून घ्या. सुट्टीत घरी जायचं असेल तर विमानतळावर तेच विचारतील.

आणि हो, टपालपेटीवर आपलं आडनाव आजच चिकटवा! पासपोर्टवर आहे अगदी त्याच स्पेलिंगमध्ये. करक्रमांक टपालानेच येतो, सरकारी पत्रंही, आणि पेटीवर नाव दिसलं नाही तर पोस्टमन पत्र परत नेतो. आम्ही चौघी एका फ्लॅटमध्ये होतो, पेटीवर चार आडनावांची पट्टी कशीबशी मावली, पण एकही पत्र चुकलं नाही.