वाचकांचे प्रश्न : संगणक आपल्या टाइल चोरून पाहतो का?

प्रश्न : निवृत्तीनंतर वेळ जावा म्हणून पुतणीने मला टॅबवर स्क्रॅबल, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या टाइल बोर्डावर लावून शब्द जुळवण्याचा खेळ, घालून दिले आहे. दुपारच्या चहानंतर मी संगणकाशी एक डाव खेळते आणि बहुतेक वेळा हरते. हरण्याचे फारसे वाटत नाही, पण त्याच्या खेळ्यांचा उलगडा होत नाही. मागच्या आठवड्यात पहिली खेळी त्याची होती. डाव संपल्यावर मी सगळ्या खेळ्या पुन्हा पाहिल्या, तेव्हा सुरुवातीला त्याच्याकडे क्यू, एस, ए, टी, आय, एन, ई ही अक्षरे होती असे दिसले. ‘क्यू-ए-टी-एस’ लावून २६ गुण मिळत असताना त्याने ‘क्यू-आय’ एवढेच लावून २२ गुण घेतले आणि पुढच्याच खेळीत सातही टाइल संपवून मला पार मागे टाकले. एकदा तर शब्द लागत असतानाही त्याने पाच टाइल पिशवीत परत टाकल्या. शेवटी शेवटी तर मी जिथे शब्द लावायचा बेत करते, नेमकी तीच जागा तो अडवतो. आमच्या यजमानांचे म्हणणे असे, की तो माझ्या टाइल पाहतो. तसे असेल का? शिवाय ‘क्यू-आय’ हा शब्द अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या माझ्या शब्दकोशात नाही. — एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : यजमानांचा संशय स्वाभाविक आहे, परंतु आपण दिलेल्या उदाहरणातच संगणकाच्या बाजूचा पुरावा आहे. पहिली खेळी करताना आपल्या टाइल पाहून त्याला काही लाभ होण्यासारखा नव्हता. तो पाहत होता ते स्वतःच्या रॅककडे, म्हणजे हातातल्या सात टाइलकडे, आणि तेही लावलेल्या अक्षरांकडे नव्हे, तर मागे उरणाऱ्या अक्षरांकडे.

आपण सुचवलेल्या खेळीचाच हिशेब मांडू. ‘क्यू-ए-टी’ एवढाच शब्द लावला असता तर शब्दाचे गुण दुप्पट करणाऱ्या मधल्या घरामुळे २४ गुण झाले असते. त्याला एस जोडून २६ होतात, म्हणजे एस ही टाइल केवळ २ गुणांसाठी खर्ची पडते. इंग्रजी संचातील १०० टाइलपैकी एस फक्त ४ आहेत. जवळजवळ कोणत्याही नामाच्या वा क्रियापदाच्या शेपटीला ते चिकटत असल्यामुळे मुरलेले खेळाडू एका एसची किंमत सुमारे ८ गुण धरतात, आणि कोणतेही अक्षर म्हणून चालणारी कोरी टाइल तर २५ गुणांच्या आसपासची मानतात. आठाची वस्तू दोनाला विकण्याचा व्यवहार संगणकाने केला नाही, एवढेच.

आता उरलेल्या अक्षरांकडे पाहा. ‘क्यू-आय’ लावल्यावर त्याच्या हाती एस, ए, टी, एन, ई राहिली आणि पिशवीतून दोन टाइल यायच्या होत्या. पी आणि आर आले तर ‘पेरेंट्स’, पी आणि एल आले तर ‘प्लॅनेट्स’, जी आणि आय आले तर ‘सीटिंग’. सातही टाइल एका दमात संपल्या की ५० गुणांचा बोनस ठरलेला. त्यातही गंमत अशी, की ‘क्यू-आय’ला एस लागू शकतो. ‘पेरेंट्स’ हा शब्द उभा लावून त्याचा शेवटचा एस ‘क्यू-आय’च्या पुढे आणला, तर शब्दाचे ९, ‘क्यू-आय-एस’चे १२ आणि बोनसचे ५० मिळून, रंगीत घरांचा लाभ न धरताही, ७१ गुण होतात. म्हणजे त्याने २२ गुण घेता घेता स्वतःसाठी खुंटी मारून ठेवली होती. ‘क्यू-ए-टी-एस’नंतर मात्र आय, एन, ई एवढीच उरली असती, चार टाइल नशिबावर सोडाव्या लागल्या असत्या आणि तो एसही गेला असता. मला स्वतःला ही खेळी शहाणपणाची वाटते, आणि आपणही ती उद्यापासून करू शकता.

उरलेल्या अक्षरांची किंमत संगणकाला कोणी पढवून ठेवलेली नसते. ब्रायन शेपर्ड यांनी १९८० च्या दशकात ‘मेव्हन’ नावाचा स्क्रॅबल खेळणारा संगणक-कार्यक्रम लिहायला घेतला, तेव्हा त्याला स्वतःशीच असंख्य डाव खेळायला लावून कोणती अक्षरे मागे ठेवल्यावर पुढे किती गुण मिळतात याचे कोष्टक त्यातून काढले. पाच टाइल परत टाकण्याचे कोडेही इथेच सुटते. हातात दोन आय, दोन यू आणि एक व्ही असा गोतावळा जमला असेल, तर आज दहा गुण घेऊन तोच गोतावळा पुढच्या दोन खेळ्या सांभाळण्यापेक्षा एक खेळी सोडून देणे स्वस्त पडते. पिशवीत निदान सात टाइल असतील तरच ही अदलाबदल करता येते, म्हणून ती डावाच्या उत्तरार्धात क्वचित दिसते. आपण मराठी माणसे हातातली खेळी वाया घालवायला सहसा तयार नसतो; संगणकाला तो संकोच नाही.

डावाच्या मध्यावर कार्यक्रम आणखी एक गोष्ट करतो. बोर्डावर आणि स्वतःच्या रॅकवर नसलेल्या टाइलमधून तो आपल्यासाठी एक काल्पनिक रॅक उचलतो, आपण काय लावाल आणि त्यावर तो काय लावेल हे खेळून पाहतो, मग दुसरा रॅक, मग तिसरा, असे शेकडो वेळा करून ज्या खेळीची सरासरी चांगली येते ती निवडतो. ही आपल्या टाइलची माहिती नव्हे, अंदाज आहे. मात्र अंदाज इतक्या वेळा केलेला असतो, की समोरच्याला ती चोरी वाटावी.

शेवटच्या टप्प्यात तर त्याला आपल्या टाइल खरोखरच ठाऊक असतात, पण त्यासाठी पाहण्याची गरज नाही. पिशवी रिकामी झाली की जे बोर्डावर नाही आणि त्याच्या रॅकवर नाही, ते सगळे आपल्याकडेच असणार. ई १२, ए आणि आय प्रत्येकी ९, ओ ८, एन, आर आणि टी प्रत्येकी ६, क्यू, झेड, जे, एक्स आणि के एकेकच, ही मोजदाद कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मांडून लागलेले अक्षर खोडत गेलात, तर शेवटच्या सात टाइल आपल्यालाही तितक्याच स्पष्ट दिसतील. स्पर्धेतले खेळाडू कागदावर अशीच नोंद ठेवतात. त्यानंतर तो डाव बुद्धिबळासारखा उघडा होतो, आणि आपली जागा अडवली गेली याचे आश्चर्य उरत नाही.

तरीही यजमानांचे समाधान होत नसेल, तर दिवाणखान्यात खरा बोर्ड मांडावा, आपला रॅक आपल्यापाशी ठेवावा आणि फक्त बोर्डाची स्थिती व संगणकाच्या टाइल भरता येतात अशा कार्यक्रमाला खेळी विचारावी. ‘क्वॅकल’ हा मुक्तस्रोत कार्यक्रम अशा विश्लेषणासाठी वापरतात. टोरोंटोमध्ये २००६ साली त्याने १९९५ चे विश्वविजेते डेव्हिड बॉईज यांना पाच डावांच्या सामन्यात हरवले, पण पहिले दोन डाव बॉईज यांनीच जिंकले होते. टाइल पाहणारा गडी सलग दोन डाव हरला नसता.

राहिला ‘क्यू-आय’. चिनी परंपरेतील प्राणशक्तीचे ते नाव आहे. भारतातल्या स्पर्धा कॉलिन्सच्या शब्दयादीवर खेळल्या जातात आणि त्या यादीत पावणेतीन लाखांहून अधिक शब्द आहेत. घरगुती शब्दकोशाची तिच्याशी तुलना नको. आपण शब्दकोडी सोडवत असाल तर तिथे अर्थावरून शब्दाकडे जाता. इथे अर्थाला जागाच नाही. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे विश्वविजेतेपद मिळवले, आणि त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते.

प्रश्न : माझा संगणक व्ही असलेला तीन अक्षरी शब्द गुण तिप्पट करणाऱ्या घराजवळ लावून ठेवतो, दुसरीकडे जास्त गुण मिळत असले तरीही. का? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : कारण व्ही असलेला एकही दोन अक्षरी शब्द यादीत नाही. त्यामुळे व्हीच्या शेजारच्या घरात अक्षर ठेवून, त्या शब्दाला समांतर आपला शब्द लावता येत नाही, आणि तिप्पट घराकडे जाणारी वाट बंद होते. संगणक आघाडीवर असताना ही खेळी अधिक दिसेल. आपल्याला तशी जागा बंद करायची असेल, तर व्हीवरच विसंबावे. उत्तर अमेरिकेच्या यादीत सीचेही तसेच आहे, कॉलिन्सच्या यादीत मात्र ‘सी-एच’ चालतो.