'आज खेळ बंद' म्हणायची तयारी ठेव

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

लॉन बोल्स क्लबच्या ग्रीनची (ज्या गवतावर चेंडू घरंगळवत खेळतात त्या मैदानाची) आणि क्लबहाउसची जबाबदारी तू घेतलीस, फार आनंद झाला. सभासद तुला लवकरच गाठतील आणि म्हणतील, ग्रीन संथ झालंय, गवत अजून बारीक काप. ऐकून घे, पण मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, लगेच खाली आणू नकोस.

ग्रीनचा वेग सेकंदांत मोजतात: हातातून सुटलेला चेंडू 27 मीटरवरच्या जॅकपाशी, म्हणजे लक्ष्य असलेल्या छोट्या चेंडूपाशी, येऊन थांबायला किती वेळ लागतो. वेळ जास्त, तर ग्रीन वेगवान! नवख्यांना हे उलटं वाटतं. पण अडथळा कमी असला की चेंडू हलक्या हाताने सोडूनही तिथवर पोचतो. हा अडथळा नुसत्या पात्यांचा नसतो. मेलेल्या देठांचा आणि मुळांचा स्पंजासारखा थर गवताच्या बुडाशी साठतो, तो थॅच. तो ओला राहिला की चेंडू अडतो, बुरशी धरते, मुळं खोल जात नाहीत. वरून कितीही कापलंस तरी हे दुखणं जात नाही, उलट पानं कमी झाल्याने मुळांची उपासमार होते. पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त एका वेळी कधीच कापू नकोस.

खरं काम हंगाम संपल्यावरचं. स्कॅरिफायरने (गवताचं बूड खरवडणाऱ्या यंत्राने) थॅच ओढून काढ, पोकळ दात्यांनी मातीच्या कांड्या उपसून काढ, मग वाळूमिश्रित माती पसरून ब्रशने भोकांत उतरव. काही आठवडे ग्रीन विद्रूप दिसेल. दिसू दे.

हंगामात रोज सकाळी आधी दव झटक, कारण बुरशीला ओली पानं हवी असतात. कापण्याची दिशा दर वेळी बदल, नाहीतर गवत एकाच बाजूला झुकतं आणि चेंडूचं वळण बिघडतं. रिंकच्या, म्हणजे एकेका सामन्याच्या पट्टीच्या, हद्दीच्या दोऱ्याही अधूनमधून बाजूला सरकव, म्हणजे मॅटखालची (चेंडू सोडताना उभं राहायच्या चटईखालची) तीच ती जागा झिजणार नाही. ग्रीन चौरस असेल तर खेळाची दिशाही आलटून पालटून आडवी-उभी ठेव.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. पाणी साचलेल्या ग्रीनवर पावलं पडली की माती दबते आणि मुळांची हवा तुटते. गोठलेल्या गवतावर चाललं तर पानं मोडतात, पावलांचे ठसे काळे पडतात. अशा दिवशी सामना असला तरी 'आज खेळ बंद' ही पाटी तुलाच लावावी लागेल. म्हणून हंगामाआधीच समितीच्या बैठकीत ठराव करून घे की हा निर्णय ग्रीन सांभाळणाऱ्याचाच. इतिवृत्तात नोंद असली की ऐन वेळी गेटवर उभं राहून वाद घालावा लागत नाही. हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

क्लबहाउसचं थोडक्यात: छपराचे पन्हळ आधी साफ कर आणि ते पाणी ग्रीनकडे येत नाही ना, ते भर पावसात उभं राहून बघ. मोअरचं इंधन माणसं बसतात त्या इमारतीत ठेवू नकोस. ग्रीनवर जाण्याआधी दारातच बूट बदलून सपाट तळव्यांचे घालायची सक्ती कर, पाहुण्यांनाही. हंगाम नसतानाही खिडक्या अधूनमधून उघड; बंद खोलीतली ओल लाकूड खाते.

या आठवड्यात ग्रीनच्या चार कोपऱ्यांतून आणि मधोमध एकेक कांडी काढ, पट्टी लावून थॅच किती मिलिमीटर आहे ते मोज आणि आकडे कळव. मोअरच्या उंचीचं त्यानंतर बोलू.

तुझा,
काका