नौपाड्यात नऊ मोजू नका

प्रश्न असा आहे: ‘ठाण्याच्या नौपाड्यात पूर्वी नऊ पाडे होते म्हणून ते नाव पडलं, हे खरं का? आणि पाडा आणि वाडी यांत फरक काय?’

प्रश्नकर्त्यानं ‘नौपाड्यात’ असं लिहिलं, त्याबद्दल आधी त्याचे आभार. हल्ली ‘नौपाडामध्ये’, ‘बेहरामपाडाला’, ‘कुर्लाहून’ असलंच काहीतरी कानावर पडतं. घोडा-घोड्यावर, वाडा-वाड्यात, तसं पाडा-पाड्यात. नाव पाटीवर चढलं की त्याला विभक्ती लागत नाही, हा नियम कोणी केला देव जाणे.

आता नऊचं. नऊ नाही, नवा. विलेपार्ले पूर्वेला नवपाडा आहे, वांद्रे पूर्वेला आहे, डोंबिवली पश्चिमेला नवापाडा आहे. सगळीकडे मोजून नऊच पाडे कसे भरले? मुलुंडला नवघर आहे, वसईकडेही आहे; तिथं नऊ घरं शोधायला कोणी जात नाही. ‘नव’चा ‘नौ’ कसा झाला, असं विचारणाऱ्यांनी लवकर-लौकर, गवळण-गौळण, चवथा-चौथा या जोड्या म्हणून पाहाव्यात. आणि सगळ्यात बोलका पुरावा ओडिशातला. तिथं नुआपाडा नावाचा जिल्हाच आहे, आणि ओडियात ‘नुआ’ म्हणजे नवा. नऊला तिथं वेगळा शब्द आहे. आंध्रात ओडिशाला लागून असलेल्या श्रीकाकुलम जिल्ह्यात चक्क नौपाडा नावाचं रेल्वे जंक्शन आहे. तिथल्या लोकांनी ठाणं पाहिलेलं नाही.

नऊवाल्यांचा हुकमी एक्का म्हणजे शेजारची पाचपाखाडी. ‘ती पाच पाखाड्यांची, मग हा नऊ पाड्यांचा का नको?’ कारण लिंग बघा. संख्येचा समाहार झाला, म्हणजे अनेक वस्तूंचा मिळून एकच गट मानला, की नाव बहुधा स्त्रीलिंगी नाहीतर नपुंसकलिंगी होतं: पंचवटी, सप्तशती, नवरात्र. पाचपाखाडी त्यात बसते. नऊ पाड्यांचं ‘नौपाडी’ झालं असतं, नाहीतर सरळ ‘नऊपाडे’. ‘नौपाडा’ पुल्लिंगी एकवचनी राहिला, म्हणजे ‘नव’ हे इथं विशेषण आहे. कुणी अंधेरीचा ‘सात बंगला’ पुढं करील. ते बाजारी बोलीतलं नाव आहे, त्याची जबाबदारी मराठी व्याकरणावर टाकू नये. तरीही पटत नसेल तर जुन्या रहिवाशांना ‘नऊ पाडे होते ना?’ असं विचारू नका, होकारच मिळेल. ‘नऊ पाड्यांची नावं सांगा’ म्हणा. नऊच्या नऊ सांगितली तर मग बोलू.

खरी गंमत ‘पाडा’ या शब्दात आहे. झाडं पाडून वसवला म्हणून पाडा, ही व्युत्पत्ती स्थानिक इतिहासाच्या पुस्तिकांतून अजून फिरते. ती तिथंच राहू द्यावी. मूळ शब्द संस्कृत ‘पाटक’. दोन स्वरांमधला एकटा ट प्राकृतातून येताना ड होतो आणि शेवटचा क गळतो: घोटक-घोडा, कीटक-किडा, कटक-कडं, भाटक-भाडं, पाटक-पाडा. ट जोडाक्षरात असेल तर मात्र तो टिकतो: कंटक-काटा, हट्ट-हाट. नियम इतका काटेकोर आहे की ‘पाडणे’ला मध्ये शिरायला फटच नाही. कोलकात्याचा माणूस गल्लीतल्या मंडळींना ‘पाड़ा’तली मंडळी म्हणतो, तोही हाच शब्द.

आणि पाटक म्हणजे काय? संस्कृत कोशांत अर्थ दिला आहे: अर्धं गाव, गावाचा भाग. हे ‘अर्धं’पण आजही महसूल दफ्तरात दिसतं: पाड्याची तिथं गाव म्हणून वेगळी नोंद नसते. गोरेगावच्या आरे परिसरात आणि लगतच्या जंगलात जीवाचा पाडा, खांबाचा पाडा, नवशाचा पाडा, केलटीपाडा अशी वारल्यांची आणि इतर आदिवासींची वस्ती आहे. कुठं माणसाचं नाव, कुठं खुणेच्या वस्तूचं. या नावांनी जमिनीचा कागद शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. सातबाऱ्यासाठी जिल्हा, तालुका आणि मग गाव लागतं, आणि ‘गाव’ म्हणजे महसुली मौजे, सरकारी दफ्तरात नोंदलेलं गाव. उपनगरात बऱ्याच ठिकाणी सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक असतं. तिथंही गाव आणि नगर भूमापन क्रमांकच विचारतात. म्हणून पाड्याचा इतिहास लिहिणाऱ्यानं पहिल्यांदा तो कोणत्या मौज्यात मोडतो ते ठरवावं. एकाच नावाचे दोन-तीन पाडे वेगवेगळ्या मौज्यांत निघतात, आणि तिथंच एकाच्या आठवणी दुसऱ्याच्या नावावर चढतात. पाडा म्हणजे गावठाणही नव्हे. गावठाणाची हद्द जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम १२२ खाली जिल्हाधिकारी ठरवतो. पाडा त्या हद्दीत असेलच असं नाही. वर्तमानपत्रं दोन्हींना सरसकट ‘झोपडपट्टी’ म्हणतात, तेव्हा शब्द तर बिघडतोच, रहिवाशाचा जागेवरचा दावाही बिघडतो.

पालघरकडे मात्र या अर्ध्या गावाला पूर्ण होता येतं. अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात, तिथल्या पंचायतींसाठी केलेला १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम यांच्या आधारे पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येतं आणि स्वतःची ग्रामसभा भरवता येते. मुंबई-ठाण्याच्या शहरी पाड्यांना ही सोय नाही.

वाडीचं राहिलंच. ती ‘वाटिके’पासून, म्हणजे कुंपण घातलेली जागा: वसईची केळीची वाडी, कोकणातली नारळाची वाडी. गिरगावातल्या वाड्याही अशाच आखलेल्या, मालकाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या जागा. खोताची वाडी घ्या. दक्षिण कोकणात आणि देशावर वाडी म्हणजे गावाची उपवस्तीही होते, आणि तिथं ती उत्तर कोकणातल्या पाड्याचंच काम करते. ठाण्याच्या खाली उतरलात की पाडे विरळ होत जातात आणि वाड्या लागतात.