दुःखात असताना आनंद करावा तो कसा?

प्रश्न : पती निवर्तल्याला दीड वर्ष झाले. मुले नोकरीनिमित्त बाहेरगावी असतात आणि घरात मी एकटीच आहे. चर्चमध्ये उपासनेला नियमित जाते. परंतु ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे बायबलमधील वचन वाचले गेले, की डोळे भरून येतात. विश्वास दृढ असता तर इतके रडू आले नसते, असे मंडळीतील एका भगिनीने मला सांगितले. स्वतःपुरता स्वयंपाकही नकोसा होतो. ओट्याशी उभ्यानेच दोन घास खाते. माझा विश्वास खरोखर उणा आहे का?
— एक वाचक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : प्रिय ताई, सप्रेम सलाम. तुमच्या अश्रूंवरून तुमचा विश्वास उणा ठरत नाही.

ज्या वचनाने तुम्हाला रडू येते, ते येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या प्रेषित पौलाने बंदिवासातून लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातले आहे. त्याच पत्राचा दुसरा अध्याय उघडून पाहा. फिलिप्पैच्या मंडळीने पौलाच्या मदतीसाठी पाठवलेला एपफ्रदीत मरणोन्मुख आजारी पडला होता. तो बरा झाला तेव्हा, मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून देवाने माझ्यावरही दया केली, असे पौल लिहितो. आनंद करा म्हणणाऱ्या प्रेषितालाही जिवलगाच्या मरणाचे भय वाटत होते आणि ते त्याने लपवले नाही.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मराठीतले ‘करा’ एकट्या व्यक्तीला आदराने सांगितल्यासारखेही वाचता येते, पण मूळ ग्रीक क्रियापद अनेकवचनी आहे. ही आज्ञा सगळ्या मंडळीला मिळून दिलेली आहे. म्हणून तुमच्या एकाकीपणात तुम्हाला सोबत करणे हे त्या भगिनीचेही कर्तव्य ठरते.

आता तुमच्या दोन घासांविषयी. ‘व्यर्थ’ हा शब्द पुन्हा पुन्हा उच्चारणारा उपदेशकच, बायबलमधील त्याच नावाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात सांगतो, की जा, आपली भाकर आनंदाने खा. (लगेच पुढे प्रिय पत्नीसह सुखाने राहण्याविषयीचे वचन येते, ते तुम्हाला टोचेल, हे मी जाणून आहे. आज ते वाचले नाही तरी चालेल.) ज्याचे आपण ‘व्यर्थ’ असे भाषांतर करतो, त्या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ श्वास किंवा वाफ असा आहे. आयुष्य असे क्षणभंगुर आहे म्हणूनच समोरचे ताट हे देवाचे दान मानून घ्यावे, असे तो सुचवतो. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला दोष दिला नाही. भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा निजू दिले आणि उठवून पुन्हा जेवू घातले.

तेव्हा ताई, रात्री ताट वाढून घ्या, खाली बसा, उपकारस्तुती करा आणि मग जेवा. आठवड्यातून एकदा मंडळीतल्या कोणाला तरी जेवायला बोलवा. भूक आणि झोप अगदीच हरपली असेल, तर डॉक्टरांनाही अवश्य भेटा. आणि त्या जेवणाच्या वेळी पतीची आठवण निघाली, तर ती निघू द्या.