'बिगफूटतज्ज्ञ' कोणाला म्हणावे, आणि घाबरलेल्या माणसाविषयी कसे लिहावे?

उत्तर अमेरिकेतील जंगलांत राहतो असे काही लोक मानतात त्या दोन पायांवर चालणाऱ्या, केसाळ, माणसासारख्या प्राण्याविषयी, म्हणजे बिगफूटविषयी, मराठीत लेख लिहू पाहणाऱ्या एका वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. वर्षानुवर्षे या प्राण्याचा माग काढणाऱ्या आणि तिकडे 'बिगफूट एक्स्पर्ट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाला मराठीत 'बिगफूटतज्ज्ञ' म्हणावे का, हा पहिला प्रश्न. ज्या प्राण्याचे अस्तित्वच सिद्ध झालेले नाही त्याचा कोणी तज्ज्ञ कसा असेल, ही त्यांची शंका आहे. जंगलात अशा कशाशी तरी 'एन्काउंटर' झालेल्या आणि त्या भीतीतून अजून बाहेर न आलेल्या लोकांविषयी कोणत्या शब्दांत लिहावे, हा दुसरा. हे प्रश्न वरवर वेगळे दिसले तरी त्यांचा विचार एकत्रच केला पाहिजे, कारण असा घाबरलेला माणूस घरच्यांनी आणि मित्रांनी हसण्यावारी नेल्यावर ज्याच्याकडे जातो, तो पुष्कळदा हाच 'एक्स्पर्ट' असतो.

'तज्ज्ञ' म्हणजे 'तत्' जाणणारा, 'ते' जाणणारा. (म्हणूनच त्यात 'ज्ञ'च्या आधी आणखी एक अर्धा 'ज' आहे, 'तज्ञ' असे पुष्कळ ठिकाणी छापले जाते, पण ते शुद्ध नव्हे.) 'बिगफूट' हा इंग्रजी शब्द आणि 'तज्ज्ञ' हा संस्कृत शब्द यांचा समास कसा करावा, असा आक्षेप कोणी घेतील, पण 'क्रिकेटतज्ज्ञ' आपण निर्वेधपणे वापरतो, तेव्हा अडचण समासाची नाही. अडचण 'तत्'ची आहे. हा माणूस जे जाणतो ते नेमके काय, याचे उत्तर लेखकाला देता आले, तर शब्द आपोआप सापडतो.

'बिगफूट' हे नाव जिथून पसरले, तिथपासूनच ही गोष्ट दिसून येते. १९५८ साली उत्तर कॅलिफोर्नियातील ब्लफ क्रीक या भागात रस्त्याचे काम चालू असताना जेरी क्रू या बुलडोझरचालकाला सुमारे १६ इंच लांबीच्या पावलांचे ठसे दिसले. त्याने त्यांचा प्लास्टरचा साचा घेतला, 'हम्बोल्ट टाइम्स' या स्थानिक वृत्तपत्राने ती बातमी छापली आणि कामगारांच्या तोंडी असलेले नाव देशभर गेले. ज्या कंत्राटदाराचे ते काम होते तो रे वॉलेस २००२ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या कुटुंबीयांनी लाकडाचे कोरलेले मोठे पाय दाखवून ते ठसे त्यानेच उमटवले होते असे सांगितले. त्यांचे म्हणणे सगळ्या ठशांना लागू पडते असे सर्वांना मान्य नाही, परंतु आपल्या प्रश्नापुरते एवढे पुरेसे आहे, की अगदी पहिल्या दिवसापासून अभ्यासकांच्या हाती आला तो प्राणी नव्हे, तर मातीतला ठसा. पुढे त्यात केस आले, आवाजाच्या ध्वनिफिती आल्या, १९६७ मध्ये त्याच ब्लफ क्रीकला रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन यांनी घेतलेली एक मिनिटाहूनही छोटी चित्रफीत आली, आणि मुख्य म्हणजे हजारो माणसांची सांगणी आली. यांपैकी प्रत्येकाचे जाणकार वेगळे असतात.

हे विसरले की काय होते, याचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. ग्रोव्हर क्रान्ट्झ (१९३१–२००२) हे वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतील मानववंशशास्त्रज्ञ होते. मानवाच्या उत्क्रांतीचा त्यांचा अभ्यास पक्का होता आणि बिगफूट खरा आहे असे उघडपणे मानल्याबद्दल त्यांनी सहकाऱ्यांचा रोषही पत्करला. काही साच्यांवर त्यांना तळपायाच्या त्वचेवर असतात तशा बारीक रेषा आढळल्या आणि अशा रेषा बनावट पायाला असणार नाहीत असे त्यांचे मत झाले. पुढे टेक्सासमधील पोलिसांकडे बोटांचे ठसे तपासणाऱ्या एका अनुभवी तज्ज्ञानेही त्या रेषा अस्सल वाटतात असा निर्वाळा दिला. त्यानंतर दुसऱ्या एका चिकित्सकाने बारीक, कोरड्या मातीत प्लास्टर ओतून पाहिले, तेव्हा माती पाणी शोषून घेत असताना साच्यावर तशाच दिसणाऱ्या वळ्या आपोआप उमटतात असे आढळले. पोलिसांकडील ते गृहस्थ तज्ज्ञ नव्हते असे यावरून मुळीच ठरत नाही. ते त्वचेवरील रेषांचे तज्ज्ञ होते. प्लास्टर आणि माती एकमेकांशी कशी वागतात, हे त्यांचे 'तत्' नव्हते. 'तज्ज्ञांनी दुजोरा दिला' असे मोघम वाक्य आपण लिहितो, तेव्हा हा सगळा फरक त्या वाक्याखाली गाडला जातो.

उलट, आपले 'तत्' कुठे संपते हे ओळखणारेही या क्षेत्रात झाले आहेत, आणि मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे. ऑरेगॉनमध्ये बिगफूटविषयी माहिती-केंद्र चालवणारे पीटर बर्न यांना काही केस मिळाले. हे कोणत्याही परिचित प्राण्याचे नाहीत असे जाहीर करून ते मोकळे होऊ शकले असते. त्यांनी १९७६ मध्ये ते केस तपासणीसाठी एफबीआयकडे पाठवले आणि ते हरणाच्या कुळातील प्राण्याचे आहेत असे उत्तर तिथल्या प्रयोगशाळेने दिले. हा पत्रव्यवहार २०१९ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी तर निरनिराळ्या देशांतून असे केस मागवून घेतले आणि त्यांच्या गटाने २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या ३० नमुन्यांची ओळख पटली त्यांत अस्वल, घोडा, गाय, रॅकून, साळिंदर असे परिचित प्राणी निघाले आणि एक केस माणसाचा निघाला. साइक्स यांना 'बिगफूटतज्ज्ञ' म्हणणे कोणालाच सुचणार नाही, आणि तरीही केसांच्या बाबतीत अखेरचा शब्द त्यांच्यासारख्यांचाच असतो.

म्हणून माझे मत असे, की या लोकांना सर्वसाधारणपणे 'बिगफूटचे अभ्यासक' म्हणावे. 'अभ्यासक' या शब्दात विषयाची बैठक येते, पण निर्णय देण्याचा अधिकार त्यात गृहीत धरलेला नसतो. रानात हिंडून माग काढणाऱ्याला 'शोधक' म्हणावे. 'शिकारी' म्हणू नये, कारण यांतील बहुतेकांच्या हाती कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक असतो. ब्रिटिश कोलंबियातील पत्रकार जॉन ग्रीन यांनी आयुष्यभर माणसांच्या हकिकती गोळा केल्या आणि त्यांच्या संग्रहात ३,००० हून अधिक नोंदी झाल्या; अशांना 'संग्राहक' हा शब्द शोभतो. 'तज्ज्ञ' वापरायचा असेल तर त्याचे 'तत्' आधी लिहावे: ठसेतज्ज्ञ, अस्वलांच्या वर्तनाचे तज्ज्ञ, जनुकतज्ज्ञ. 'स्वयंघोषित तज्ज्ञ' आणि 'तथाकथित तज्ज्ञ' हे शब्दप्रयोग मात्र टाळावेत. या विषयाची कुठे परीक्षा नाही की पदवी नाही, त्यामुळे एका अर्थी इथे सगळेच स्वयंघोषित आहेत, आणि या विशेषणांतून माहिती न जाता केवळ तुच्छता जाते.

एका ठिकाणी मात्र मी बिनदिक्कत 'जाणते' म्हणेन. बिगफूटचे दुसरे नाव 'सास्क्वॅच'. हे इंग्रजी रूप कॅनडाच्या पश्चिमेकडील मूळ रहिवाशांच्या हाल्कोमेलेम भाषेतील शब्दावरून आले आहे, आणि जे. डब्ल्यू. बर्न्स या शिक्षकाने १९२० च्या दशकात ते कॅनडाच्या वृत्तपत्रवाचकांपर्यंत नेले. त्यांनी जिथे शिकवले त्या स्टहेलिस या मूळ रहिवासी समाजात हा राक्षस नसून भूमीचा राखणदार मानला जातो. तिथल्या ज्येष्ठांचे 'तत्' म्हणजे पिढ्यान्पिढ्या चालत आलेले कथन, आणि ते तर निःसंशय अस्तित्वात आहे.

आता दुसरा प्रश्न. 'एन्काउंटर' हा शब्द मराठीत जसाच्या तसा ठेवू नये, याचे कारण शुद्धलेखनाचे नाही. महाराष्ट्रात 'एन्काउंटर' म्हटले की पोलिसांच्या गोळीबाराखेरीज दुसरे काही डोळ्यांपुढे येत नाही, आणि 'चकमक' लिहिले तर शस्त्रे दोन्ही बाजूंना येतात. 'दर्शन' भक्तिभावाचे आहे, 'भेट' फार सौम्य आहे. रानातल्या प्रसंगासाठी मराठीत 'गाठ पडणे' हा सुरेख वाक्प्रचार आहे. 'अस्वलाशी गाठ पडली' म्हणताना ती ठरवून झालेली नाही, समोरासमोर झाली आणि पळायला वाट नव्हती, हे सगळे त्यात येते. नुसते लांबून नजरेस आले असेल तर 'दृष्टीस पडले' पुरेसे आहे.

त्याहून महत्त्वाचे आहे ते क्रियापद. 'मी बिगफूट पाहिला' आणि 'मला बिगफूट दिसला' यांतले अंतर मराठी माणसाला सांगावे लागत नाही. 'पाहिला'मध्ये कर्तृत्व आहे आणि दाव्याची जबाबदारी आहे. 'दिसला'मध्ये अनुभव आहे. 'मला काहीतरी दिसले' हे वाक्य तर साक्षीदारावर अविश्वास न दाखवता प्राण्याविषयीचा प्रश्न पूर्ण खुला ठेवते, आणि लेखकाने शक्यतो त्याचाच आश्रय घ्यावा. 'त्याला भास झाला' असे मात्र लिहू नये. 'भास' म्हणजे तिथे काहीच नव्हते, असा निकाल. उत्तर अमेरिकेतील काळे अस्वल वास घेण्यासाठी किंवा दूरवर पाहण्यासाठी मागच्या पायांवर उभे राहते. संधिप्रकाशात त्याला पाहून ज्याच्या छातीत धडकी भरली त्याला भास झालेला नाही. त्याला खरोखरच काहीतरी दिसले आहे, फक्त त्याची ओळख वेगळी निघू शकते.

अभ्यासकाने प्रश्न विचारतानाही हे पाळायला हवे. 'काय दिसले?' असे विचारण्याऐवजी 'कोण दिसले?' असे विचारले, की दिसलेल्या आकाराला आपण माणूसपण देऊन टाकतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ मधील प्रयोग याबाबत डोळे उघडणारा आहे. मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवून त्यांनी वेगाचा अंदाज विचारला, तेव्हा 'एकमेकींवर आदळून चुराडा झाला' अशा अर्थाचे क्रियापद वापरल्यावर सरासरी अंदाज ताशी ४० मैलांच्या वर गेला, आणि 'एकमेकींना लागल्या' अशा सौम्य क्रियापदाला तो ३२ मैलांच्या आसपास राहिला. त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात, चित्रफीत दाखवल्यावर आठवड्याने फुटलेल्या काचा दिसल्या होत्या का, असे विचारले असता जोरकस क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण, आणि 'धडकल्या' असा साधा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जण हो म्हणाले. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. घाबरलेल्या माणसाच्या आठवणीत भर घालणारा पहिला शब्द पुष्कळदा ऐकणाऱ्याचा असतो. म्हणून मला विचाराल तर बिगफूटच्या अभ्यासकाची खरी परीक्षा त्याच्या रानातल्या रात्रींवरून होत नाही. समोरच्याची हकिकत तो स्वतःचे शब्द न मिसळता किती वेळ ऐकू शकतो, यावरून होते.

भीतीसाठी तर मराठीत इतके बारकावे आहेत, की सगळीकडे 'भयानक अनुभव' लिहिणे ही उधळपट्टी ठरेल. 'दचकणे' क्षणाचे असते आणि शरीराचे असते. 'धास्ती' पुढच्या गोष्टीची वाटते: पुन्हा त्या पायवाटेने जायची धास्ती. 'दहशत' एकाच्या मनात मावत नाही, ती गावाला बसते. आणि 'धसका' प्रसंग संपल्यावर मागे उरतो. माणूस तो 'घेतो', आणि मग झोप उडते, फांदी मोडल्याच्या आवाजानेही अंग थरथरते. वाचकाने विचारलेली माणसे बहुतांशी धसका घेतलेली आहेत, आणि तोच शब्द त्यांच्यासाठी योग्य आहे.

'भीतीवर मात करणे' हा सरसकट वापरला जाणारा प्रयोग मला इथे पटत नाही, कारण त्यात घाबरलेल्यावर जिंकण्याचे ओझे येते. प्रसंग चालू असताना 'तोंड देणे' म्हणावे. समोर मोठे जनावर उभे असेल तर पळू नये, शांत आवाजात बोलत राहावे, आणि ते जागचे हलत नसेल तर त्याच्यावर नजर ठेवून सावकाश बाजूबाजूने दूर व्हावे, असे अमेरिकेचे राष्ट्रीय उद्यान खाते अस्वलांच्या बाबतीत सांगते. समोर नेमके काय आहे हे कळले नाही तरी हा सल्ला उपयोगी पडतो. प्रसंग टळल्यावर मात्र 'सावरणे' हा शब्द हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये काढलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत हादरलेल्या माणसाला बोलण्याची सक्ती करू नये, बोलला तर ऐकावे, आणि त्याच्या माणसांशी व योग्य मदतीशी त्याला जोडून द्यावे असे सांगितले आहे. त्याने काय पाहिले याचा निवाडा होईपर्यंत यातले काहीही थांबवून ठेवण्याची गरज नसते. 'धीर देणे' हा आपला जुना शब्द या सगळ्याला पुरून उरतो, आणि धीर देण्यासाठी बिगफूट आहे असे मानावे लागत नाही, नाही असेही मानावे लागत नाही.

धसका महिन्याहून अधिक टिकला, झोप आणि रोजची कामे बिघडली, तर लेखात पुढची मदत स्पष्ट लिहावी. तिथे 'मानसोपचारतज्ज्ञ' आणि 'मानसशास्त्रज्ञ' यांची गल्लत होऊ देऊ नये: पहिला वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो आणि औषध देऊ शकतो, दुसऱ्याचा भर चाचण्यांवर आणि बोलण्यातून केलेल्या उपचारांवर असतो.